सूनबाईची रॅम

तेहतीस वर्षे मी महसूल खात्यात कारकुनी केली. एवढ्या काळात एखादी विद्या मनापासून आत्मसात केली असेल, तर ती कागद पुढे ढकलण्याची. तुम्ही हसाल, पण ही विद्या वाटते तेवढी सोपी नाही. कोणता कागद आठ दिवस पडून राहिला की आपोआप निकालात निघतो आणि कोणता पडून राहिला की अंगावर येतो, हे ओळखण्यात उमेद खर्ची पडते. शंभरांतले नव्वद कागद पहिल्या जातीचे असतात, असा माझा अनुभव आहे. उरलेल्या दहांपैकी एकाची ही हकीकत.

आता तो कागद नव्हता, ही गोष्ट वेगळी. ती एक हिरवी पट्टी होती. अर्ध्या वितेहून थोडी लांब, दोन बोटे रुंद, वर काळे चौकोनी ठिपके आणि खालच्या कडेला सोनेरी दात. तिला रॅम म्हणतात.

आमच्या घरी संगणक आला तो २०१९ साली. चिरंजीव मालेगावच्या बाजूला एका शाळेत शिक्षक आहेत. (हे मालेगाव नाशिककडचे नव्हे, आमच्या वाशीम जिल्ह्यातले. ही खुलाशाची कटकट आम्हांला जन्मभर पुरणारी आहे.) त्यांच्या शाळेच्या कामासाठी यंत्र घेतले. पुढे चिरंजीवांचे लग्न झाले. सूनबाई भूगोलाची पदवीधर होऊन आल्या, आणि यंत्राचा ताबा हळूहळू त्यांच्याकडे गेला. पुण्याच्या एका कचेरीतून त्यांना घरबसल्या काम मिळाले. उपग्रहाने काढलेली चित्रे यायची आणि त्यांवरून नकाशा आखायचा. विहिरी कुठे, नाले कुठे, शेततळी किती. एका नकाशाला ठरलेले पैसे.

मला हे काम फारसे काम वाटत नसे, हे आधीच कबूल करतो. आमच्या काळी गावचा नकाशा म्हणजे कापडावर चिकटवलेला, दुमडून दुमडून घडीवर विरलेला असा कागद. तो उलगडायचा तर दोन टेबले लागत. इथे ही मुलगी एका जागी बसून उजव्या हाताचे एक बोट हलवते, एवढेच मला दिसे.

२०२५ च्या दसऱ्याला आपट्याची पाने देता देता चिरंजीवांनी विषय काढला.

“बाबा, १४ ऑक्टोबरनंतर विंडोज दहाची दुरुस्ती बंद होतेय. अकरा टाकावी लागेल. आणि त्याबरोबर रॅमही वाढवून घेऊ. चार जीबीत हिचं काही होत नाही.”

“विंडोज अकराला चार चालते असे पेपरात आले होते,” मी म्हणालो. वर्तमानपत्र मी जाहिरातींसकट वाचतो.

“चालते म्हणजे सुरू होते, बाबा.”

आमच्या कचेरीत पहिला संगणक आला, तेव्हा त्याची मेमरी जीबीत नव्हे, एमबीत मोजत असत. आणि तरीही त्याला थंड हवेच्या खोलीत ठेवून आम्ही बाहेर चपला काढीत होतो. चार जीबी म्हणजे त्याच्या कितीतरी पट. तेवढ्यात भागत नाही म्हणजे काय? पण सणाचा दिवस होता. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून निघालो तो संगणकाच्या दुकानात भाव विचारून आलो. आठ जीबीची पट्टी, १९०० रुपये. “दिवाळीत बघू,” असे सांगून घरी आलो. दिवाळीत सगळ्याच वस्तूंचे भाव उतरतात, अशी माझी समजूत.

दिवाळीत गेलो तर २६५० झाले होते. चढलेला भाव उतरतो, हे सोयाबीनच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. मी पुन्हा परत आलो. सूनबाईंनी काही विचारले नाही. त्या कधीच काही विचारीत नाहीत, आणि घरात न विचारणारे माणूस असले की पुढे ढकलण्याची विद्या कशी फुलून येते!

कार्तिकातली गोष्ट. पहाटे पाचला उठून मी बालाजीच्या देवळाकडे फिरायला निघतो. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पाहतो तो संगणक चालू आणि समोर कुणी नाही. आतून पोळपाटाचा आवाज येत होता. हे दृश्य मी आधीही दोन-तीनदा पाहिले होते. आमच्या घरात दिवा जळत ठेवून दुसऱ्या खोलीत जाणे हा गुन्हा आहे, आणि तो कायदा मीच केलेला आहे. मी भिंतीवरचे बटण बंद केले. एक चांगले काम हातून झाले, अशा समाधानात देवळाला प्रदक्षिणा घालून आलो.

परत आलो तेव्हा सूनबाई यंत्रासमोर बसल्या होत्या. हात मांडीवर. मला पाहून उठल्या आणि चहा आणून दिला. दुपारी त्यांचे फोनवरचे बोलणे कानावर आले: “सर, आमच्याकडे पहाटे लाईट गेली होती.”

लाईट कुठे गेली होती? मी तर जागा होतो! एवढी शिकलेली मुलगी आणि इतके सहज खोटे बोलते, याचे मला वाईट वाटले. रात्री आमच्या मंडळींजवळ तसे बोललोही. त्या म्हणाल्या, “तिचं काम तिला ठाऊक. तुम्ही झोपा.”

नोव्हेंबर सरता सरता चिरंजीव जरा चढ्या आवाजात बोलले, तेव्हा मी स्वतःच हालचाल केली. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर तो पट्ट्यांचा बाजार मांडून बसलो. आठ जीबी, डीडीआर चार, अक्षरन् अक्षर जुळत होते. आणि दुकानापेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त. मागवली. आली ती निम्म्या लांबीची! लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात आणि टेबलावरच्या संगणकाच्या लांब, हे वर्णनात एका बारीक शब्दात सांगितले होते आणि तो शब्द मी वाचला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांतले बारीक शब्द वाचून ते नामंजूर करणाऱ्या माणसावर ही पाळी यावी!

ती आखूड पट्टी खिशात घालून डिसेंबरात पुन्हा दुकानात गेलो. दुकान एक तरुण पोरगा चालवतो. त्याने पट्टी उलटीपालटी केली, आणि हसला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

“काका, ही परत पाठवा. आता आठचा भाव बेचाळीसशे झाला. पण मले आधी सांगा, यंत्र कोन वापरते? अन् कायले वापरते?”

“सून वापरते. नकाशे काढते.”

“रॅम म्हणजे काय ते ठाऊक हाये?”

ठाऊक नव्हते. त्याने सांगायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात माझ्या ध्यानात आले की, अरे, ही तर आमची कचेरी! आमच्याकडे दफ्तरखाना असे. तिथे मांडण्यांवर कापडात बांधलेले रुमाल. कारकुनाने काम काढले की शिपाई रुमाल आणून टेबलावर सोडी. काम व्हायचे ते टेबलावर. दफ्तरखान्यात कुणी काम करीत नाही. संगणकाची डिस्क हा दफ्तरखाना आणि रॅम हे टेबल. टेबल लहान असले तर दुसरा रुमाल सोडायला पहिला बांधून परत पाठवावा लागतो, आणि शिपायाच्या हेलपाट्यांत दिवस जातो. आमच्या यंत्राची जुनी डिस्क काढून चिरंजीवांनी मागे एसएसडी बसवली होती. म्हणजे शिपाई तरुण नेमला होता. पण टेबल तेवढेच! तो बिचारा धावून धावून किती धावणार?

“बरोबर समजले काका तुम्हाले,” पोरगा खुषीत येऊन म्हणाला. “फक्त एक फरक. तुमच्या टेबलावर कागद तसेच पडून राह्यले, तर दुसऱ्या दिवशी तिथंच सापडतात. हे टेबल तसं नाही. वीज गेली की साफ.”

“साफ म्हणजे?”

त्याने सांगितले ते असे. या काळ्या ठिपक्यांच्या आत विजेची अब्जावधी बारीक भांडी आहेत. भरलेले भांडे म्हणजे एक, रिकामे म्हणजे शून्य. पण ही सगळी भांडी गळकी! म्हणून सेकंदाला पंधरा-सोळा वेळा ती पुन्हा पुन्हा भरावी लागतात, तेव्हा कुठे तिला आठवण राहते. विजेचा धागा तुटला की क्षणात सगळे कोरे. जे डिस्कवर सेव्ह करून ठेवले तेवढेच उरते.

१९३९ साली आमच्या वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. तांब्यावर कोरलेले ते चौथ्या शतकाच्या सुमाराचे दान दीड हजारांवर वर्षे काळोखात राहिले आणि एक अक्षर विसरले नाही. त्याच गावात बसून सूनबाई सेकंदाला पंधरा वेळा विसरू पाहणाऱ्या पट्टीवर नकाशे काढीत होत्या, असा काहीतरी विचार माझ्या मनात येत होता. आणि मध्येच तो थांबला. मी पोराला विचारले,

“समजा, यंत्र चालू आहे, काम करणारे माणूस जरा आत गेले आहे, आणि कुणी भिंतीवरचे बटण बंद केले, तर?”

“सेव्ह केलं नसन तेवढं गेलं. अन् सेव्ह होतच असन, तर फाईल अर्धीच राह्यते, कधी उघडतही नाही. कोनं केलं असं?”

“एका म्हाताऱ्याने,” मी म्हणालो, आणि त्याच्या स्टुलावर बसलो.

त्याने पाणी दिले. मग मला जरा बरे वाटावे म्हणून, की काय कोण जाणे, भाव का चढला ते सांगू लागला. रॅमचे ठिपके करणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मुख्यतः तीन. कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धीची जी प्रचंड यंत्रघरे अमेरिकेत नि इतरत्र उभी राहत होती, त्यांना विशेष प्रकारची मेमरी लागते, आणि ती वाटेल त्या भावाने घ्यायला ती तयार होती. तेव्हा कारखाने तिकडे वळले आणि तुमच्या-आमच्या पट्ट्यांना माल कमी पडला. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केले की, क्रूशियल या नावाने घरगुती गिऱ्हाइकाला पट्ट्या विकण्याचा आपला धंदाच आपण आटोपता घेत आहोत.

वऱ्हाडाला ही तऱ्हा नवी नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्या वेळी निदान आपण विकणारे होतो. या खेपेला मी घेणारा होतो, आणि तोही दसऱ्यापासून थांबलेला.

मी पाकीट काढले. “दे तुझी ती बेचाळीसशेची.”

“थांबा काका,” तो म्हणाला. दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांबवण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात हा पहिलाच. “किती लागते ते पाहू द्या. कमी घेतली तर पैसे पाण्यात, जास्त घेतली तरी पाण्यात. आठ दिवस वही घेऊन बसा. टास्क मॅनेजर नावाचा तक्ता उघडा. त्यात मेमरीचे दोन आकडे पाहा. एक, वापरात किती. अन् दुसरा, कमिटेड म्हणून असते, तो. पह्यला आकडा चारच्या वर जाणारच नाही, टेबलच तेवढं. दुसरा सांगते की एकूण मागणी केवढी हाये. काम ऐन भरात असलं की तो लिहून ठेवा.”

आणि अशा रीतीने, सेवानिवृत्तीनंतर सात वर्षांनी, मी पुन्हा वही-पेन्सिल घेऊन कामावर रुजू झालो.

पहिल्या दिवशी पहाटे सव्वाचारला बाहेरच्या खोलीत गेलो. सूनबाई स्वेटर घालून बसल्या होत्या. मला पाहून दचकल्या.

“बाबा, काय झालं? बरं वाटत नाही का?”

“आकडे लिहायचे आहेत,” मी म्हणालो आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. त्यांनी यंत्र सुरू केले, नकाशाचे काम लावले आणि उठल्या.

“आता हे उघडायला वीसेक मिनिटं लागतील. तोवर कणीक मळून येते.”

तर हे असे होते. मोठे चित्र उघडायला लावायचे आणि पोळ्यांना जायचे. सेव्ह करायला लावायचे आणि भाजी फोडणीला टाकायची. दिवसा घरात माणसांची ये-जा, फोन, पाहुणे, यंत्र दहादा अडकणार, म्हणून पहाटे. समोर कुणी नसलेला तो चालू संगणक म्हणजे निष्काळजीपणा नव्हता. ती या घरातली सर्वांत काटेकोर मांडणी होती, आणि तिच्यावर मी बटण दाबले होते.

त्या परत आल्या तेव्हा मी सांगून टाकले. “सूनबाई, त्या दिवशी लाईट गेली नव्हती.”

“माहीत आहे, बाबा.” त्या पडद्याकडे पाहतच म्हणाल्या. “फ्रीज चालू होता ना. आणि ते बटण आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणी बंद करत नाही.”

“मग पुण्याला लाईट गेली म्हणून का सांगितलेस?”

“दुसरं काय सांगणार?”

यावर मला काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने विचारले, “किती गेले?”

“तीन रात्रींचं. सेव्ह करायला लावलं होतं, तेव्हाच झालं, म्हणून ती फाईल परत उघडलीच नाही. तो नकाशा मग त्यांनी दुसऱ्या मुलीला दिला.” आणि जरा थांबून, “या महिन्यात वेळेवर गेले नाहीत तर बाकीचेही देतील.”

एवढेच. आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते.

आठ दिवस मी बसलो. खरे सांगायचे तर आकडे लिहायला दिवसाकाठी दहा मिनिटे पुरेशी होती. पण तिसऱ्या दिवसापासून मी आकड्यांसाठी बसत नव्हतो. आकाशातून आपला मुलूख कसा दिसतो, हे मी प्रथमच पाहत होतो. पैनगंगेची वळणे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर, जणू कुणी ओल्या मातीवर अंगठा टेकवून उचलला. एकबुर्जीचे पाणी, जे आम्ही पितो. आणि शेते, शेते, शेते. ज्यांचे गट नंबर मला एके काळी पाठ होते.

विहीर ओळखायची कशी, ते सूनबाईंनी शिकवले. वरून पाहिले तर झाड आणि विहीर दोन्ही काळे ठिपकेच. पण झाडाची सावली सूर्याच्या उलट बाजूला बाहेर सांडते. विहिरीची सावली मात्र आतच, सूर्य ज्या बाजूला असेल त्याच काठाखाली पडते. किती साधी गोष्ट! विहिरींच्या नोंदी मी सातबारावर हजारांनी तपासल्या असतील, पण सूर्य कोणत्या बाजूला आहे हे बघण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

पाचव्या दिवशी त्यांनी एका ठिपक्यापाशी बाण थांबवला. “हे झाड धरू ना?”

मी चष्मा पुसून पाहिले. रिसोडच्या वाटेवरचा तो नाला, त्याचे ते कोपरासारखे वळण. “झाड नव्हे,” मी म्हणालो, “विहीर आहे. काठावर उंबर वाढला आहे, म्हणून तुला झाड दिसते. ही शेजारी लांबट पट्टी दिसते ना, जिथे पेरा नाही? ती मोटेची धाव आहे. बैल मोट ओढीत या उतारावरून खाली जायचे. जुनी विहीर असली की अशी धाव असतेच.”

“तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक?”

“माझ्या वडिलांनी खणली आहे ती. बैल मी हाकले आहेत.”

शेत आता आमचे नाही. बहिणींच्या लग्नांत गेले. पण त्या दिवशी सूनबाईंनी त्या ठिपक्यावर विहिरीची निळी खूण केली आणि मला विचारून आसपासच्या आणखी चार धावा शोधून काढल्या. त्यांपैकी तीन विहिरी निघाल्या. चौथीला मी चुकलो. ते झाडच होते.

वहीतले आकडे असे निघाले. वापरात असलेली मेमरी सदोदित साडेतीनच्या वर, म्हणजे टेबल ओसंडलेले. कमिटेड बहुतेक दिवस साडेदहा-अकरा. एके दिवशी दोन गावांची चित्रे एकदम उघडावी लागली तेव्हा १२.४. ही वही घेऊन मी दुकानात गेलो. या खेपेला सूनबाईंनाही बरोबर नेले.

आता खरी निवड. आमच्या यंत्रात पट्टीचे स्लॉट दोनच. एकात चारची जुनी पट्टी. सूनबाई म्हणाल्या, “तिच्याशेजारी एक आठची लावू. बारा होतील. भागेल.” दोन महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकून मी सुनेच्या संस्कारांची तारीफ केली असती. पण वहीत १२.४ लिहिलेले होते आणि ते माझ्याच अक्षरात होते.

शिवाय पोराने आणखी एक भानगड सांगितली. दोन स्लॉटांत दोन सारख्या पट्ट्या असल्या की यंत्र दोन्हींतून एकदम घेते. पंगतीत एका वाढप्याऐवजी दोघे दोन बाजूंनी वाढायला निघावेत तसे. चार आणि आठ अशी विजोड जोडी लावली तर आठांपुरते दोघे वाढतात, आणि पुढच्या चारांना एकटाच. आमच्या यंत्राला चित्रासाठी वेगळे कार्ड नाही. पडदा रंगवण्याचे कामही याच मेमरीतून चालते. म्हणून दोन वाढप्यांचा गुण आम्हांला जास्तच.

“मग सोळाची एकच घ्या,” त्याने दुसरा मार्ग सांगितला. “एक स्लॉट रिकामा राहीन. पुढं कधी बत्तीस करता येतीन.”

मनाला हे पटण्यासारखे होते, कारण त्यात ‘पुढे कधी’ हे शब्द होते. पण हे यंत्र २०१९ चे. बत्तीसची गरज लागेल त्याच्या आधी तेच निवृत्त होईल; आणि निवृत्तीची वेळ कधी येते, ते मला अनुभवाने कळते. आठाच्या दोन, असे ठरले. पट्ट्या ३२०० वेगाच्या होत्या आणि आमचा प्रोसेसर २४०० च्याच चालीने चालवणारा. वेगवान पट्टी मंद यंत्रात हळू चालते, बिघडत नाही. तेव्हा त्याची चिंता नव्हती. डीडीआर पाच तेवढी घेऊन उपयोग नव्हता. तिची खाच वेगळ्या जागी असते, ती या स्लॉटात शिरतच नाही. आखूड पट्टी घेऊन फसलेल्या माणसाने हे दोनदा विचारून घेतले.

भाव तोवर ४६०० झाला होता. दोनींचे ९२००. दसऱ्याला हेच ३८०० मध्ये झाले असते. हा हिशेब मी तिथल्या तिथे, गिऱ्हाइकांदेखत, मोठ्याने केला. पैसे काढू लागलो तेव्हा सूनबाईंनी आपला मोबाईल पुढे केला.

“एक माझी, बाबा.”

“घरातली वस्तू आहे. मी घेतो.”

“काम माझं आहे,” त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या माझ्याशी असे बोलल्या. पोरगा कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे पाहत होता. मग त्याने दोन वेगळी बिले फाडली.

बसवायला पाच मिनिटेही लागली नाहीत. पट्टी स्लॉटात दाबली की दोन्ही बाजूंच्या कड्या खट्‌कन बसतात. तो आवाज आला नाही तर पट्टी नीट बसलेली नाही, असे पोराने दाखवून दिले. जुनी चारची पट्टी त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. ती मी कपाटात ठेवली आहे. मंडळी विचारतात, ती कशाला? मी म्हणतो, असू दे.

वीस मिनिटे लागणारे ते चित्र दीड मिनिटात उघडले. सूनबाई कणकेला उठल्या होत्या, त्या परत बसल्या. महिनाअखेरचे नकाशे दोन दिवस आधी गेले. दुसऱ्या मुलीला दिलेला नकाशा मात्र परत आला नाही. तो तिचाच झाला.

अजूनही एखादा ठिपका अडला की मला हाक येते. “बाबा, झाड की विहीर?” मी चष्मा घेऊन जातो. दहांपैकी सहा वेळा बरोबर येते.

पहाटे पाचला मी अजून बालाजीकडे जातो. बाहेरच्या खोलीतून जाताना सवयीने भिंतीकडे बघतो. खोलीत अंधार असतो. सूनबाई झोपलेल्या असतात. मी दार हळू ओढून घेतो.